टेबलाचे पाय

आमच्या क्वार्टरच्या मागच्या पडवीत एक लेथ होता. लाकूड कातायचा, पायाने चालवायचा, इंग्रजांच्या वेळचा. ह्यांनी तो गोहलपूरच्या कबाड्याच्या भंगारातून हातगाडीवर लादून आणला, तेव्हा मी दारातच कपाळाला हात लावला. दिवसभर तोफांच्या फॅक्टरीत मशीनशी झटापट करायची आणि घरी येऊन पुन्हा मशीनच्याच नादी लागायचं, याला काय म्हणावं! रोज संध्याकाळी हे विटेची पूड आणि रॉकेल घेऊन गंज घासत बसायचे. एक दिवस गंजाखालून कुठल्याशा विलायती कंपनीचं नाव वर आलं. ते दाखवायला मला हात धरून नेलं आणि तव्यावरची पोळी जळली. पाय ठेवायची फळी कुजली होती, तिच्या जागी माझा जेवायचा शिसवी पाट गेला. मी दोन दिवस फुगून बसले. पण खरं सांगते, काळ्या हातांनी हसणारा तो माणूस मला फार आवडायचा.

बांगलादेशच्या लढाईचं ते साल. मला दिवस गेले होते. गेल्या खेपेला सासूबाईंनी मोठ्या हौसेने सदर बाजारातून पाळणा आणवला होता, आणि सातव्या महिन्यात मूल गेलं. पाळणा रिकामाच परत पाठवावा लागला. तेव्हापासून त्यांनी सक्त ताकीद देऊन ठेवली होती: या खेपेला बाळंत होईस्तोवर बाळाची म्हणून चिंधीसुद्धा घरात दिसायला नको.

लेथ चालू झाला तसे हे सागवानाचे गोल दांडे कातायला लागले.

"काय करून राहिला रे?" सासूबाईंनी विचारलं.

"टेबल बनवून राहिलो, आई. त्याचे पाय."

"अच्छा," म्हणून त्या आत गेल्या. चार पाय झाले, मग पाचवा, सहावा, आठवा. इतक्या पायांचं टेबल मी तरी बघितलेलं नाही. पण घरात कुणी ते मोजले नाहीत.

नवमीला सासूबाईंनी हत्यारांबरोबर लेथचीही पूजा केली. आणि करायची तर यथासांग! चाकाला हळदकुंकू, पाटाला हळदकुंकू, आणि चाकावरून लाकूड फिरवणाऱ्या चामड्याच्या पट्ट्याला इकडून तिकडे साजूक तूप. दसरा झाल्यावर हे कातायला बसले, तर चाक गरगर फिरतंय आणि लाकूड जागचं हलत नाही. पट्टा सरसर घसरत होता. सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"माझ्याच हातून काहून असं होते रे?" त्या खालीच बसल्या. बोलत होत्या पट्ट्याबद्दल, पण मला कळलं, मनात तो परत गेलेला पाळणा होता.

एरवी मशीनला कुणी बोट लावलं तरी हे खवळायचे. त्या दिवशी आवाज चढला नाही. लाकडाच्या भुशाने पट्टा पुसपुस पुसला आणि म्हणाले, "आई, तुझ्या देवघरातली राळ दे थोडी." राळेची पूड पट्ट्याला चोळली, तसा त्याने चाक घट्ट धरलं. लाकूड फिरायला लागलं. सासूबाईंनी पट्ट्यालाही नमस्कार केला.

पुढे लढाई पेटली. खिडक्यांना काळे कागद लागले, फॅक्टरीची रविवारची सुट्टी गेली. हे घरी यायचे ते सुजलेल्या पायांनी. अजून काही दांडे कातायचे राहिले होते, आणि पाट दाबायची ताकद ह्यांच्यात उरली नव्हती. मी पुढे झाले तर सासूबाई ओरडल्या, "तू काहून उठली? चलो, मी चालवते. टेबलच तर आहे." आणि लुगडं खोचून त्या स्टुलावर बसल्या. आई पाट दाबतेय आणि लेक पटाशी धरून कातायला उभा आहे, असं ते काम चालायचं. तयार दांडा त्या स्वतः आत न्यायच्या, कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवायच्या. धूळ बसते म्हणायच्या.

मुलगी झाली. सुखरूप, काळ्याभोर जावळाची. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा सासूबाईंनी तिला दोनदा निरखून पाहिलं, मग लेकाला म्हणाल्या, "बघत काय बसला? ते तुझं टेबल जोड ना!"

ट्रंक उघडली. ह्यांनी एकेक दांडा काढला, कापड सोडून माझ्याकडे टाकलं आणि पाळणा जोडायला बसले. मी घडी घालायला एक कापड उचललं, आणि माझे हात थांबले. जुन्या मऊ लुगड्याचं, बारीक टाक्यांनी शिवलेलं, हातभर रुंदीचं दुपटं होतं ते. दुसरं उलगडलं, तेही दुपटंच. तिसऱ्यात कानटोपरं.

"टेबलाला थंडी वाजत होती," सासूबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत बाळाला घ्यायला हात पुढे केले.