लाल गाडीचं आवतन

आमचे बाबा राजूरजवळच्या एका शेतावर सालदार होते. बैल मालकाचे, बैलबंडी मालकाची, पोळ्याला बैलांची वेसण तेवढी बाबांच्या हातात. आदल्या संध्याकाळी हळद-तुपाने बैलांचे खांदे शेकायचे आणि कानाशी वाकून म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." उद्या आमच्या घरी काय शिजणार, ते मात्र आईलाही माहीत नसायचं... माझा मोठा भाऊ विजूदादा दहावीनंतर कोळशाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला, तो मला शिकवायला. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. हे मी कुठेही मान वर करून सांगते.

यंदाच्या आषाढात दादा गेला. सकाळी अंघोळीला गेला आणि तिथेच कोसळला. आदल्याच दिवशी त्याचा फोन आला होता. "ओ बी.कॉम. मॅडम, पोळ्याले या बरं. गाडीचं ऑइल बदलाचं आहे." येते म्हटलं, आणि फोन ठेवला.

गाडी म्हणजे त्याची लाल, दोन सीटची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार. स्वतःचे ट्रक झाल्यावर नागपूरच्या एका डॉक्टरकडून त्याने ती जुनी विकत घेतली. आमच्याकडच्या रस्त्यांवर प्रत्येक ब्रेकरला तिचं पोट घासायचं, म्हणून ती बहुतेक पत्र्याच्या शेडमध्येच उभी असे. "काहून बे विज्या, हे चालवाची हाय का हिची पूजा कराची?" असं दोस्त विचारायचे. "दोन्ही," तो म्हणायचा. पहिलं वर्ष त्याने तिच्यावर छदामही खर्च केला नाही. मीटर हललाच नाही तर सर्व्हिसिंग कशाला, हा आम्हा सगळ्यांचाच हिशेब. मग नागपूरहून मेकॅनिक आला, खालचा बोल्ट सोडला आणि काळं, चिकट ऑइल तसराळ्यात पडलं. तो म्हणाला, उभ्या गाडीचंही ऑइल वर्षातून एकदा बदलावंच लागतं, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. आणि टायर घासले नाहीत तरी पाच-सहा वर्षांत कडक होतात. टायरची किंमत ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात घरावर स्लॅब पडला असता." दादा हसला. "माय, काम नसलं त बाबा बैलाचा चारा बंद करत होते काय?"

त्या वर्षापासून सर्व्हिसिंगचा दिवस ठरला, पोळ्याचा. आदल्या संध्याकाळी दादा बाजूच्या आरशाशी वाकायचा, म्हणायचा हा हिचा कान, आणि तिला आवतन द्यायचा. दर रविवारी सकाळी तो तिला वणीपर्यंत फिरवून आणायचा. नुसती सुरू करून बंद केली तर ऑइलमध्ये पाणी धरतं, ती चांगली गरम झाली पाहिजे, असं सांगायचा. शेडची भिंत आणि स्वयंपाकघराची भिंत एकच. इंजिन सुरू झालं की मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायच्या, आणि आई चहा टाकायची.

तो गेल्यानंतरच्या एका रविवारी ताटल्या वाजल्या. मी घरातच होते, मीही ऐकल्या. खदानीतला सुरुंग असेल म्हटलं. पण सुरुंग दुपारी उडतो, आणि ही सकाळ होती. मी शेडमध्ये गेले. बोनेटवर हात ठेवला... गार. परतले तर आईने दादाचा कप भरून शेडच्या उंबऱ्यावर ठेवलेला. तिच्याकडे बघवेना. पुढच्या रविवारीही तेच. मग तीच म्हणाली, "इकून टाक तिले. मले त्याचा आवाज येते." गिऱ्हाईक मिळालं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते येणार होतं. तरी मी मेकॅनिकला पोळ्याचंच बोलावलं. दादाला येते म्हटलं होतं, आणि मला गाडी उपाशी द्यायची नव्हती.

आदल्या संध्याकाळी आई घरात दिसेना. शेडमध्ये पाहिलं. हाताला हळद-तूप लावून ती बोनेट चोळत होती, सावकाश, बाबा खांदे चोळायचे तशी. मग आरशाशी वाकली. आरशात तिचा चेहरा दिसला, आणि क्षणभर तो दादाचाच होता. "आज आवतन घे माय, उद्या जेवाले ये." वळून मला म्हणाली, "त्या गिऱ्हाइकाले सांग, येऊ नोको. आवाज बंद झाला त मी आयकू काय?"

पोळ्याला ऑइल बदललं, ब्रेक ऑइल बदललं, मेलेली बॅटरी बदलली. रविवारी सकाळी मी दादाची सीट पुढे ओढून बसले. आरसा त्याच्या उंचीचा. त्यात नुसता पत्रा दिसत होता. तो वळवायला माझा हात लवकर धजेना. चावी फिरवली. आत ताटल्या वाजल्या. आता आई चहा टाकेल म्हणून वाट बघत होते, तर ती पदर खोचत बाहेर आली. या गाडीत ती कधीच बसली नव्हती. "एवढ्या खाली बसाचं म्हंजे पंगतीतच बसनं हाय," असं म्हणत, माझ्या खांद्याचा आधार घेत ती आत उतरली.

ब्रेकर आला की दादा गाडीला म्हणायचा तसं ती म्हणत होती, "हळू, हळू..."

सालदाराची बायको स्वतःच्या घरच्या गाडीत बसून वणीला जाऊन आली. गाडी चांगली गरम झाली होती.