ताटलीतली कुरडई

कढईत कुरडई फुलल्याचा वास आला की मला कन्हान नदीपलीकडच्या एका गावातलं अंगण आठवतं. तेव्हा मी हवेचं प्रदूषण तपासायच्या सरकारी नोकरीत होतो. गावाने राखेची तक्रार केली होती, आणि आम्ही येणार हे कारखान्याला आठवडाभर आधीच कळवलेलं होतं, त्यामुळे त्या दिवशी धुराडं अगदी साळसूद. मे महिन्याचं ऊन, खाटेवर वाळत घातलेल्या कुरडया, त्यांच्यावर चार दिवसांची करडी राख. शेजारी आमचं यंत्र घरघरत होतं. आकडा मर्यादेत आला, तसं मी घरच्या बाईला सांगितलं. ती आत गेली, त्यातलीच एक कुरडई तळून आणली आणि ताटली माझ्यापुढे धरली. "हवा चांगली हाय म्हणता ना साहेब, त मंग खा." मी म्हणालो, जेवून आलोय. "काहून? एक तुकडा त खा." मी बॅग आवरली, पण अहवालावर सही तिथेच, उभ्याउभ्या ठोकली. आता शहरात, नंदनवन वस्तीतल्या आमच्या गच्चीवर बायको कुरडया घालते आणि उचलताना तिची बोटं काळी होतात. तक्रार कुठे करायची, असं ती दर उन्हाळ्यात विचारते. मी पुढ्यातली कुरडई खातो.