सर्व काम कॉम्प्युटरवर

डिंकाच्या बाटलीच्या तोंडाशी थर साचतो ना, तसे आमच्या दुकानात किस्से साचायचे. पुसायला जावं तर हाताला चिकटणार!

सानपाड्यातलं आर्टचं दुकान, तसबिरी आणि बोर्ड करून देणारं, नव्वदीतलं. मालक सावंतसाहेब. मी ऑपरेटर, नुकताच कोर्स केलेली, त्यामुळे तोरा फुल! आणि साताऱ्याचे तात्या, पेंटर. बाहेर पाटी: 'सर्व काम कॉम्प्युटरवर'.

आता खरं सांगते. आमचा प्रिंटर काळापांढरा, कागद वहीएवढा. मोठं चित्र बारा तुकड्यांत निघायचं. ते प्लायवर चिकटवून, जोड बुजवून, रंग भरायचे तात्या. प्रिंटर आणि तात्या दोघंही पडद्यामागे. "गिऱ्हाइकाला ब्रश दिसता कामा नये!" ही साहेबांची ऑर्डर.

*

कोपरखैरण्याचे एक काका लग्नाच्या मुलाचा फोटो घेऊन आले. "मिशी जरा भरीव करा." मी उगाच चार बटणं दाबली, तात्यांनी मिशी भरली.

काका खूश! "बघा, हाताने कुणाच्या बापाला जमलं नसतं!"

पडद्यामागे तात्या असे खोकले, की काका दचकले. "कॉम्प्युटरला सर्दी झालीय का हो?"

*

एका बाईंच्या चित्रात साडीवर ब्रशचा केस चिकटून वाळला. बाई तणतणत आल्या. "हा केस कसला?"

साहेब शांतपणे म्हणाले, "ओरिजिनल कॉम्प्युटरचा आहे मॅडम. डुप्लिकेटमध्ये येत नाही."

बाईंनी शेजारणीलाही पाठवलं. तिनेही केस आहे की नाही ते आधी तपासून घेतलं!

*

तळवलीच्या एका दादांना वारलेल्या वडिलांचा फोटो कोटात हवा होता. तात्यांनी झकास कोट चढवला. आठवड्याने दादा तसबीर घेऊन परत.

"बा कदी कोट घालनारा नव्हता. घामाघूम दिसतोय. काढा तो!"

"अहो दादा, आता काढायचा कसा?"

"बटनं दाब की! आत बंडी हाय, मना ठावं हाय."

तात्यांनी कोटावर बंडी रंगवली. दादा म्हणाले, "बघ, होती का नाय?"

*

मग साहेबांच्या डोक्यात मोठं कलर मशीन शिरलं. एका बिल्डरचं काम मिळालं की मशीन येणार, आणि तात्यांनी साताऱ्याची एसटी धरायची. साहेबांनी तोंडावर सांगितलं. मला फार वाईट वाटलं. मी तात्यांना कॉम्प्युटर शिकवायला बसले, तर ते दर रेघेनंतर माउस फडक्याला पुसायचे!

"ऱ्हाऊ दे पोरी," म्हणाले. "एकच खंत हाय. पेंटर बोर्डाच्या कोपऱ्यात नाव टाकतो. या दुकानात माझं एकदाबी नाय पडलं."

*

बिल्डर दुपारी आले. साइटवरच्या बोर्डाचा डेमो. बिल्डिंगची प्रिंट पडद्यामागे प्लायवर तयार, बाकीचं बिल्डर समोर बसून सांगणार.

"झाडं टाका." मी टकटक. "कारंजं टाका." टकटक. "मागची खाडी निळी करा, जरा परदेशातली वाटू दे."

आणि लाईट गेली! स्क्रीन काळा, पंखा बंद. साहेबांनी मला डोळ्यांनीच दम भरला. मी मेलेल्या कीबोर्डवर टकटक चालूच ठेवली! तात्यांना मात्र कशाचा पत्ता नाही, त्यांच्या मागच्या खिडकीतून लख्ख ऊन!

दीड तासाने पडद्याखालून बोर्ड सरकत बाहेर आला. झाडं, कारंजं, निळीशार खाडी. अजून ओली.

बिल्डर उठून उभे राहिले. "लाईट नसताना चालतो?"

साहेबांनी घाईघाईने होकाराची मान हलवली.

"सावंत, माझ्या सगळ्या साइट्स तुम्हाला. पण अट एकच. काम ह्याच मशीनवर. नवीन-बिवीन आणायचं नाही!"

मग ते वाकले. कोपऱ्यात बारीक लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'तात्या'.

"कंपनी देशी दिसते."

साहेब पडद्याकडे बघत म्हणाले,

"हो. साताऱ्याची."