खापरावरची मसूर

आपल्या जाम गावच्या चौकात नागपूरची बस लागली तेव्हा बाबांनी माझी बॅग वर चढवली आणि निरोपाला आलेल्या तुम्हा सगळ्या गावकऱ्यांना सांगितलं, "डॉक्टरी शिकाले चालली जर्मनीले." खरं तर मी निघाले होते पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती साधूंचा अभ्यास करायला. पण पोरगी बाटली असं कोणी म्हणू नये म्हणून किराणा दुकानदार बाबांनी ही थाप ठोकली. नागपूर येईपर्यंत मी घुश्शातच होते.

पुढची वर्षं तशी मजेत गेली, उगाच रडगाणं कशाला गाऊ? हॉस्टेल, लायब्ररी, ब्रेडवर आईचं लोणचं, आणि कॉप्टिक, म्हणजे त्या काळच्या इजिप्तची भाषा. तिथले साधू खापराच्या तुकड्यांवर चिठ्ठ्या लिहीत. त्या वाचणं हेच माझं काम झालं. सुट्टीत गावी आले की मात्र तुम्ही मला डॉक्टर समजून दुखरे गुडघे पुढे करायचात. मी बाबांकडे बघायचे, बाबा तराजूकडे. बापाला माझ्या कामाची लाज वाटते, हे मला फार लागायचं.

एकदा दुकानात बसून मी एका खापराचा फोटो निरखत होते. साधूने मसूर मागवली होती, पण तिच्या शेजारचा शब्द लागत नव्हता. आमचे प्रोफेसर म्हणत, गावाचं नाव असेल. बाबांनी काय ते विचारलं आणि मी पहिल्यांदाच सगळं नीट सांगितलं.

"मसूर मांगणारा गावाचं नाव काऊन लिहीन? अख्खी पाहिजे का भरडलेली, थे लिहीन ना."

परत जाऊन ताडून पाहिलं. 'भरडलेली'च होतं, एक अक्षर झिजलेलं. माझं पुस्तक निघालं तेव्हा तळटीपेत बाबांचं नाव घातलं आणि एक प्रत जामला पाठवली.

त्यानंतरच्या सुट्टीत शेजारच्या काकूंनी दुकानात मला गुडघ्याची गोळी विचारली. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "थे दवाईची डॉक्टर नाई. मीच खोटं सांगतलं होतं. सोळाशे वर्षांमांगच्या ख्रिस्ती साधूंच्या चिठ्ठ्या वाचते थे."

काकूंनी एकदा गुडघा चोळला. मग म्हणाल्या, "काय लिहीत होते गा थे?"

बाबांनी त्यांच्याकडे स्टूल सरकवलं आणि सांगायला बसले. इतकी वर्षं मी जामला सुट्टीवर येत होते. त्या दिवशी घरी आले.