रेंज नसलेली सकाळ

काल ऑफिसातून थकून आलो आणि बाल्कनीत जुना तंबू झटकला, तर वाळू पडली आणि कोळशाच्या धुराचा वास आला.

बाबा पुण्याहून माझ्याकडे इथे आखातात आले होते, तेव्हा फुजैऱ्याच्या वाटेवर, वाळवंटात हाच तंबू ठोकला होता. सकाळी ते कानटोपी घालून घडीच्या खुर्चीत चहा पीत होते.

"अजून एक दिवस राहूया का रे? इथे रेंज नाही, म्हणून तू बोलतोस तरी."

"बाबा, उद्या ऑफिस आहे. यल्ला, निघू."

"बरं," म्हणत त्यांनीच खुर्चीची घडी घातली. ऊन चढायच्या आत निघालो, याचंच मला तेव्हा समाधान वाटलं. पुढच्या वर्षी बाबा गेले.

त्या सहलीच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात एवढं काय काम होतं, ते काल तंबू मांडीवर घेऊन खूप वेळ आठवत बसलो. आठवलं नाही.