पोझ चालू असताना

पुतळेकाकांइतका स्थिर माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमच्या कॉलेजात चित्रकलेच्या वर्गासमोर ते पोझ देऊन बसतात. वीस मिनिटं बसायचं, घंटा झाली की पाच मिनिटं पाय मोकळे करायचे, परत बसायचं. चौथऱ्यावर त्यांच्या पावलांभोवती खडूच्या रेघा मारलेल्या असतात, म्हणजे परत आल्यावर पाय त्याच जागी पडावेत. पंचवीस वर्षांत एकदाही पोझ मोडली नाही, याचा त्यांना कोण तोरा! नाकावर माशी बसली तरी ढिम्म हलणार नाहीत. पोरांनी पुतळेकाका म्हणायला सुरुवात केली आणि खरं नाव सगळे विसरले.

मी तिथली स्टोअरवाली. कागद, रंग, परीक्षेची चित्रं, सगळं माझ्या ताब्यात. तोंडाने मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. पण नको तिथे माझंही तोंड बंद झालं, त्याचीच ही गोष्ट.

सहा वर्षांपूर्वी, ऐन परीक्षेत, स्टोअरमधला फोन वाजला. काकांची शेजारीण होती. काकूंच्या छातीत दुखायला लागलंय, कॉलेजसमोरच्या दवाखान्यात आणलंय, सारखं काकांचंच नाव घेतायत, लगेच पाठवा. मी धावत वर्गापाशी गेले. दारावर पाटी होती, पोझ चालू असताना दार उघडू नये. चित्रकलेचे सर भलतेच कडक. एकदा दार उघडलं म्हणून शिपायाला त्यांनी सगळ्यांसमोर झाडलं होतं.

मी ठोठावलं. पुन्हा ठोठावलं. आतून हूं नाही की चूं नाही. तिसऱ्यांदा किल्ल्यांचा जुडगाच दारावर आपटला. आणि मग उभी राहिले. चौदा मिनिटं. हो, नुसती उभी राहिले! दाराला आतून कडीसुद्धा नव्हती, ढकललं असतं तर उघडलं असतं. घंटा झाल्यावर काका अंगात शर्ट अडकवत धावले, पण काकू पाच मिनिटांपूर्वीच गेल्या होत्या.

किल्ल्यांचं मी कुणालाच सांगितलं नाही. एवढं आपटलंस, मग उघडलं का नाहीस, असं कुणीही विचारलं असतं.

"मला ऐकूच आलं नाही हो," काका येईल त्याला सांगायचे. खोटं म्हणायलाही जागा नव्हती. वरच्या मजल्यावर गाण्याची परीक्षा चालली होती, तीस गळे एकदम लागले होते. सर आणि पोरं लांब पलीकडच्या भिंतीपाशी, त्यांनीही काही ऐकलं नव्हतं. पण काकांचा चौथरा दाराला लागून. रात्री ठोठावल्याचा आवाज येतो असं काका म्हणाले, तेव्हा खालच्या मानसशास्त्राच्या मॅडमनी त्यांना बसवून समजावलं, "मन मागाहून स्वतःच आवाज रचतं, स्वतःला दोष देऊ नका." काका मान डोलावायचे. घरी मात्र दार दिवसभर सताड उघडं ठेवायचे, कुणी ठोठावू नये म्हणून.

आणि माझ्या मागे एकच लकडा. "ताई, त्या दिवसाची चित्रं दाखवा. ऐकलं असतं तर माझ्या चेहऱ्यावर उमटलंच असतं की."

परीक्षेची चित्रं सहा वर्षं सील करून ठेवतात, मग रद्दीत. तोवर हात लावायचा नाही. खरं तर माझाच जीव टांगणीला लागला होता. त्यांना ऐकू गेलं नसेल, तर काकूंची शेवटची भेट माझ्यामुळे चुकली.

मुदत संपली त्या सकाळी मी एकटीनेच गठ्ठा सोडला. एकतीस चित्रं. बहुतेकांत पाठ, नाहीतर खांदा. चेहरा फक्त तिघांनी काढला होता. पोझ अशी ठरली होती की काकांनी खिडकीकडे बघायचं. तिन्ही चित्रांत मान खिडकीकडे आणि डोळे दाराकडे. परीक्षकाने तिघांचेही गुण कापून लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, नजर चुकली. एकाची चूक म्हणता आली असती. तिघांची?

ते माझ्याकडेच बघत होते. मध्ये फक्त दार होतं.

सुटले बाई, असं आधी वाटलं. खोटं कशाला बोलू? मग काकांना हे कसं दाखवायचं, ते कळेना. ती तीन चित्रं मी रद्दीच्या तळाशी सारली.

दुपारच्या सुट्टीत काका आले. "मिळाली?"

"मिळाली. चेहरा एकाही पोराने काढला नाही, सगळे पाठच धरून बसलेत." मग मीच म्हणाले, "काका, चूक माझीच. सरांच्या धाकाने मी अगदी हळू ठोठावलं होतं. तुम्हाला कसं ऐकू जाणार?"

काका समोरच्या स्टुलावर टेकले.

"हळू कुठे, ताई? तिसऱ्यांदा तर किल्ल्या आपटल्यात तुम्ही."

मी हातातला जुडगा टेबलावर ठेवला.

"माझ्यासाठीच असणार, हेही कळलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, घंटा होईलच आता."

तेवढ्यात घंटा झाली. ते उठले, वर्गात गेले, शर्ट काढून खडूच्या रेघांत पाय ठेवून बसले. मी त्यांच्यामागोमाग गेले आणि दार उघडून त्याला स्टूल लावलं. सर ओरडले. म्हटलं, ओरडा.