पिवळ्या कार्डावरचं कुंकू

खरं सांगायचं तर माझी श्रद्धा सणावारापुरतीच होती. जपानमधल्या फुनाबोरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये मायक्रोवेव्हवर देव मांडले गेले, तेही आई पुण्याहून राहायला आली म्हणून. तेव्हा धाकटी बहीण टांझानियात होती. आठवा महिना, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला मनाई केलेली, त्यात मेहुण्यांचा पाय प्लास्टरमध्ये. दवाखाना लांब आणि त्यांची जीप शेजारच्या केनियात, मित्राकडे अडकलेली. ती सीमेपलीकडे त्यांच्या दारात नेऊन उभी करायचं मी कबूल केलं.

तयारी चोख केली. मेहुण्यांचं संमतीपत्र, गाडीचे कागद, आंतरराष्ट्रीय लायसन्स आणि पीतज्वराची लस घेतल्याचं पिवळं कार्ड. ते नसेल तर सीमेवरूनच परत पाठवतात, असं मेहुण्यांनी बजावलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी पाहतो तर आईने सगळे कागद देवापुढे ठेवून त्यांना ओलं कुंकू लावलेलं. इतर कागदांवर टिकलीएवढं, कार्डावर मात्र ओघळ थेट शिक्क्यावर गेलेला.

मी भयंकर चिडलो. नव्याने लस टोचायची तर ती लागू व्हायला दहा दिवस, आणि तेवढा वेळ बहिणीकडे नव्हता. आई एवढंच म्हणाली, "चुकलं रे माझं. पण पोरीसाठी त्याच्याशिवाय सांगू कुणाला?" मी कार्ड उचललं आणि ते बदलून मागायला लस घेतली होती त्या योकोहामाच्या केंद्राकडे निघालो. ट्रेनमध्ये डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हणालो, आता तूच बघ.

केंद्रातल्या बाईंनी विचारलं, "हे लाल काय आहे?"

"आईची प्रार्थना," मोडक्या जपानीत मला एवढंच जमलं.

त्या हसल्या, नवं कार्ड लिहायला घेतलं आणि थबकल्या. मग उठून वाकून माफी मागू लागल्या. जुन्या कार्डावर लसीचं वर्ष कुणीतरी सवयीने जपानी सम्राटाच्या कारकिर्दीप्रमाणे लिहिलं होतं, दोन हजार सहाऐवजी नुसतं अठरा. सीमेवर ते दोन हजार अठरा वाचलं गेलं असतं, म्हणजे अजून बारा वर्षांनी टोचायची लस! आणि मी ते कार्ड कितीदा तपासलं होतं.

सीमेवरच्या अधिकाऱ्याने बोट ठेवलं ते नेमकं तारखेवर. मग त्याने मान हलवून जीप पुढे घ्यायला सांगितली. त्याच आठवड्यात बहिणीला कळा सुरू झाल्या, तेव्हा जीप दारात होती. भाची सुखरूप आहे.

कुणी याला योगायोग म्हटलं तर मी वाद घालत नाही. प्रवासाची तयारी अजूनही चोख करतो आणि शेवटी सगळे कागद आईच्या हाती देतो.

"कुंकू पाकिटालाच लावू ना रे?" ती घाबरत विचारते.

"तुला वाटेल तिथे लाव," मी म्हणतो.